उंबऱ्याबाहेर थांबलेला रक्तपिपासू

सोलापुरात भुताला निदान तीन नावं आहेत. मराठी घरात ते भूत, कानडी घरात देव्व आणि पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरात देय्यम. 1877 मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून या गावाने भोंग्यावर दिवस-रात्र मोजली. रात्रपाळी करून अंधारातून घरी येणाऱ्या माणसांच्या गावात भुताच्या गोष्टींना तोटा नसतो. पण दिवसा शवपेटीत निजणारा आणि रात्री मानेत सुळे रोवणारा प्राणी इथला नव्हे. इथे बहुतेक घरांत दहन करतात. लिंगायतांमध्ये दफन असतं, पण तेही मृतदेह बसवून. शवपेटीच नाही, तर तिच्यातून उठणार कोण?

आपल्याकडे होता तो वेताळ. मसणातला, प्रेतात शिरणारा, पण बोलका; राजाला कोडी घालणारा आणि कित्येक गावांत राखणदार म्हणून पुजला जाणारा. त्याच्या गोष्टी सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 1830 मध्ये ‘वेताळपंचविशी’ म्हणून मराठीत आणल्या. पुढे 1870 मध्ये रिचर्ड बर्टनने त्याच गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि पुस्तकाच्या नावातच वेताळाला ‘व्हॅम्पायर’ करून टाकलं. ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ यायला तेव्हा 27 वर्षं अवकाश होता. बर्टनने दिलेलं हे नाव वेताळावर अन्यायच करतं. 1985 मध्ये रामानंद सागर यांच्या ‘विक्रम और बेताल’मधून दूरदर्शनवर आलेला वेताळ मुलांनी आजोबासारखा आपलासा केला, तो रक्तासाठी नव्हे, गोष्टींसाठी.

खरा रक्तपिपासू टीव्हीवर रुजला तो अमेरिकेत. 11 जानेवारी 1972 ला एबीसी वाहिनीवर ‘द नाइट स्टॉकर’ हा खास टीव्हीसाठी केलेला चित्रपट आला. त्यात एक बातमीदार लास व्हेगासमध्ये व्हॅम्पायरच्या मागावर निघतो. मग नोव्हेंबर 1979 मध्ये सीबीएसने स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’ कादंबरीवरचा चित्रपट दोन भागांत दाखवला. दिग्दर्शक होता टोबी हूपर. टीव्हीवर रक्तपात दाखवायला मर्यादा होत्या, म्हणून त्याने भीती खिडकीत आणून ठेवली. मेलेला पोरगा धुक्यातून तरंगत येतो आणि काचेवर नखं ओढत आत घ्यायची विनवणी करतो. हा प्रसंग उलटा चित्रित केला होता, त्यामुळे धुकंही विचित्र सरकतं. आजही तो बघताना अंगावर काटा येतो.

हीच कादंबरी नारायण धारपांनी ‘लुचाई’ म्हणून मराठीत आणली, आणि आपल्या वाचकाला खरा व्हॅम्पायर भेटला तो असा, वाचनालयातल्या पुस्तकात. धारपांचं कसब इथे दिसतं. व्हॅम्पायरला बोलावल्याशिवाय घरात येता येत नाही, हा परका नियम मराठी वाचकाला समजावून सांगावाच लागला नाही. उंबरा पुजणाऱ्या, तिन्हीसांजेला दारात दिवा लावणाऱ्या घरांना तो आपलाच वाटला. आणि सोलापूरकराला खिडकीतल्या त्या पोराची भीती जरा जास्तच वाटावी. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की इथे खिडक्या लागत नाहीत. कित्येक जण तर अंथरूण घेऊन गच्चीवरच जातात. तिथे कसला आला उंबरा!

हिंदीत ही वाट रामसे बंधूंनी धरली. ‘बंद दरवाजा’ (1990) मध्ये त्यांनी अनिरुद्ध अग्रवाल यांना नेवला नावाचा वटवाघूळ होणारा रक्तपिपासू केलं, आणि 1993 मध्ये ‘झी हॉरर शो’ घेऊन ते थेट घरात शिरले. थिएटरात तिकीट काढून घ्यायची भीती आता जेवणाच्या ताटासमोर येऊन बसली.

धारप 2008 मध्ये गेले. 2018 मध्ये त्यांच्या कादंबरीवरची ‘ग्रहण’ मालिका झी मराठीवर आली, आणि ‘तुंबाड’ चित्रपटातली आजीही त्यांच्याच कथेतून उतरली. ‘लुचाई’ मात्र दोन रात्रींच्या टीव्ही चित्रपटासारखी, जाहिरातींची घाई न करता दाखवावी अशी गोष्ट आहे. एखादा जुना वाडा, मे महिना, गच्चीवर ओळीने टाकलेल्या सोलापुरी चादरी, आणि त्यातल्या एका चादरीवर कुणीच नाही.