इंदापूर-बारामती परिसरातील प्राचीन मंदिरांचा पाषाण : अभ्यास आणि जतन

प्रस्तावना :
महाराष्ट्राच्या पठारावरील वास्तुकलेचा इतिहास हा बऱ्याच अंशी बसाल्ट या पाषाणाचा इतिहास होय. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा खडक निर्माण झाला. अजिंठ्याची लेणी याच खडकात कोरली गेली आणि यादवकालीन मंदिरेही त्याच्याच घडीव दगडांनी उभी राहिली. लोकव्यवहारात 'काळा दगड' या एकाच नावाने ओळखला जाणारा हा पाषाण मात्र सर्वत्र एकसारखा नाही. जतनाच्या कामात नेमके याच बाबीकडे दुर्लक्ष होते.

पाषाणाचे स्वरूप :
लाव्हाच्या एकाच थरात मधला भाग घट्ट व सूक्ष्मकणी, तर वरचा भाग वायूच्या पोकळ्यांनी सच्छिद्र असतो. कित्येकदा या पोकळ्यांत झिओलाइट वर्गातील खनिजे भरलेली आढळतात. घट्ट दगडावर नाजूक कोरीवकाम टिकते. सच्छिद्र दगड पाणी शोषतो. त्यात मृदखनिजे असल्यास ती भिजल्यावर फुगतात व वाळल्यावर आकसतात. ही क्रिया वारंवार घडल्याने दगडाचे पापुद्रे सुटू लागतात.

परिसरातील उदाहरणे :
बारामती तालुक्यातील लोणी भापकर येथील मल्लिकार्जुन मंदिर व पुष्करणी ही घडीव पाषाणकामाची उत्तम उदाहरणे आहेत. ऊन, पाऊस व दरजांतून मुरणारे पाणी हे अशा वास्तूंचे नित्याचे शत्रू होत. इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील पळसनाथ मंदिराचा प्रश्न अधिक गंभीर आहे. भीमा नदीवरील उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले आणि जुने पळसदेव गाव जलाशयाखाली गेले. पाणीसाठा घटल्यावर हे मंदिर उघडे पडते व पावसाळ्यानंतर पुन्हा बुडते. दगडाला अखंड पाण्यात राहण्यापेक्षा हे भिजणे-वाळणे अधिक घातक असते. शिवाय मंदिराच्या शिखराचे काम विटांचे असून वीट व दगड यांची झीज सारख्या गतीने होत नाही.

दुरुस्तीतील दोष :
जुन्या मंदिरांच्या दरजा सिमेंटने भरणे व दगडावर तैलरंग देणे हे प्रकार ग्रामीण भागात श्रद्धेपोटी केले जातात. सिमेंट चुन्यापेक्षा कठीण व कमी सच्छिद्र असल्याने भिंतीतील ओल दरजेतून बाहेर न पडता दगडातून बाहेर पडते. त्या ओलीबरोबर आलेल्या क्षारांचे स्फटिक पृष्ठभागाखाली साचून कोरीवकाम फोडतात. चुन्याच्या दरजेत हीच झीज प्रथम दरजेला सोसावी लागते आणि दरज पुन्हा भरता येते. झिजलेले शिल्प मात्र परत मिळत नाही.

अभ्यासाची दिशा :
प्रथम प्रत्येक भिंतीच्या आराखड्यावर दगडाचा प्रकार नोंदविला पाहिजे. गळून पडलेल्या तुकड्यांचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासावेत. घनता, सच्छिद्रता, जलशोषण व क्षार यांचे मापन करावे. हातोडीच्या ठोक्याने खणखणीत व बद्द दगड ओळखणाऱ्या पाथरवटांचे ज्ञानही येथे मोलाचे आहे. बदलावयाचा दगड मूळ दगडाशी जुळणाऱ्या थरातूनच निवडावा.

निष्कर्ष :
मंदिराच्या संवर्धनाची सुरुवात दुरुस्तीने नव्हे, तर पाषाणाच्या नोंदीने व्हावयास हवी. पळसदेवचे मंदिर पाण्याबाहेर असते तो काळ मर्यादित असतो. प्रत्येक वेळी पाणी ओसरल्यावर अशी नोंद केल्यास झिजेचा वेग समजेल व उपाय ठरविता येतील. अन्यथा पुढील पिढीला तेथे दगड दिसतील, परंतु त्यांवरील शिल्प दिसणार नाही.