पाइपची तंबाखू आणि किनाऱ्यावरची हवा

पाइपची तंबाखू किती ओलसर असावी, याचे उत्तर सर्वत्र एकच आहे. ती तशी ठेवावी कशी, याचे उत्तर मात्र गावागणिक बदलते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतील आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि उघडी राहिलेली पुडी पाहता पाहता कुरकुरीत होते. तीच पुडी गणपतीपुळ्याच्या सुट्टीतल्या घरी कपाटात विसरली आणि मध्ये पावसाळा गेला, तर परतल्यावर तीवर पांढरी लव दिसते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता बहुधा ८५ टक्क्यांच्या वरच असते. तेथे तंबाखू ओली करण्यापेक्षा तिला अधिक ओली होऊ न देणे हेच मुख्य काम ठरते.

विडीसाठी निपाणी भागात पिकणारी तंबाखू उन्हात चांगली वाळवलेली असते. पाइपसाठीच्या तंबाखूत मात्र साधारणपणे वजनाच्या १२ ते २० टक्के पाणी मुद्दाम राखलेले असते. ते टिकावे म्हणून उत्पादक तीत साखरेचा पाक, ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल मिसळतात. हुक्क्यासाठीच्या गुडाखूत गूळ वा काकवी घालण्याने हेच साधते. गूळ हवेतले पाणी ओढून धरतो. फार कोरडी तंबाखू भराभर जळते व जीभ पोळते. फार ओली पुन्हा पुन्हा विझते. चिमूटभर तंबाखू बोटांत दाबून सोडावी. गोळा तसाच राहिला तर ती ओली, चुरा झाला तर कोरडी, आणि हळूहळू उलगडली तर नेमकी.

हवेचा अंदाज घेण्यासाठी कोकणातील स्वयंपाकघरात एक जुने साधन आहेच, ते म्हणजे मिठाची बरणी. शुद्ध मिठाला साधारण ७५ टक्के आर्द्रतेला पाणी सुटते. मिठागरातल्या खड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याआधीच पाझरू लागते. बुरशीला पोषक आर्द्रताही ७० टक्क्यांच्या पुढचीच. म्हणजे ज्या दिवसांत घरातले मीठ ओले होते, त्या दिवसांत तंबाखूची बाटली उघडू नये, हा साधा हिशेब. बाजारात मिळणाऱ्या आर्द्रता राखणाऱ्या पुड्यांमध्येही क्षारांचे संपृक्त द्रावणच असते; फक्त क्षार असे निवडलेले असतात की बंद बाटलीतील हवा ६० ते ६५ टक्क्यांवर स्थिरावावी.

भांडे काचेचे, रबरी कड्याच्या झाकणाचे असावे. तोंडाला फडके बांधलेली चिनी मातीची बरणी लोणच्याला चालते, कारण तेथे मीठ आणि तेलाचा तवंग राखण करतात. तंबाखूला असा रक्षक नसतो. पत्र्याचा डबा खाऱ्या वाऱ्यात गंजतो आणि बारीक छिद्र पडले की सारेच मुसळ केरात. प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीतून बाष्प हळूहळू ये-जा करते. शेरलॉक होम्स आपली तंबाखू इराणी चपलेच्या टोकात ठेवत असे. गणपतीपुळ्याच्या श्रावणात त्याने ती आठवडाभर तरी ठेवून पाहायला हवी होती.

कोकणात आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, वर्षाची बेगमी डब्यांत बंद होते. तंबाखूही त्याच सुमारास, कोरड्या दिवशी, लहान लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरावी आणि एका वेळी एकच उघडावी. मोठी बाटली रोज उघडली की रोज नवी दमट हवा आत शिरते.

कोरडी पडलेली तंबाखू सुधारण्यासाठी सफरचंदाची फोड किंवा बटाट्याची साल टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो टाळावा, फोडीबरोबर बुरशीही आत जाते. त्यापेक्षा मंगलोरी कौलाचा स्वच्छ तुकडा उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवावा, पुसावा आणि छिद्रे पाडलेल्या डबीत घालून एक रात्र बाटलीत ठेवावा. जास्त ओली तंबाखू कागदावर पसरून कोरड्या खोलीत तासभर ठेवली तरी पुरते. शीतकपाटात ती ठेवण्याने काहीच साधत नाही.

जुन्या तंबाखूवर कधी चकाकणारे बारीक स्फटिक दिसतात. ती बुरशी नव्हे. बुरशी लोकरीसारखी असते आणि तिला भिजलेल्या गोणपाटाचा वास येतो. एका कोपऱ्यात जरी ती दिसली तरी सारी बाटली फेकावी, कारण वाळवल्याने बुरशीची विषे जात नाहीत. तंबाखू उत्तम ठेवली तरी पाइप निरुपद्रवी होत नाही, तोंडाचा आणि घशाचा कर्करोग त्यानेही होतो, हे वेगळे. बाटलीवर ठळक चिठ्ठी लावून ती मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. चहा किंवा मसाला समजून कोणी तोंडात घातल्यास निकोटीनची विषबाधा होऊ शकते.

रिकामी बाटली पुन्हा वापरायची असल्यास उकळत्या पाण्याने धुवावी. जुलैत गणपतीपुळ्याला ऊन मिळण्याची खात्री नसते, तेव्हा ती चुलीच्या कडेला उपडी ठेवून पूर्ण वाळवावी. रबरी कडे मात्र नवे घ्यावे.