बिल्ल्यापासून ट्रॅकपर्यंत

पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, तेव्हा पोलिसांचा धाक सायकलस्वारालाच अधिक होता. हँडलजवळ नगरपालिकेचा कर भरल्याचा बिल्ला हवा, अंधार पडला की दिवा हवा. डायनॅमो नसला तर लोक चक्क कंदील अडकवत. डबलसीट जाणे हा गुन्हा; चौकात मामा दिसले की मागचा उडी मारून उतरायचा आणि साळसूदपणे चालू लागायचा.

त्या रस्त्यावर सायकल दुबळी नव्हती. कारखान्याची पाळी सुटली की सायकलींचा लोंढा निघे आणि तुरळक मोटारींना त्याच्या चालीने सरकावे लागे.

पारडे फिरवले आकुर्डीच्या स्कूटर कारखान्याने. 1972 मध्ये तिथून बजाजची ‘चेतक’ आली आणि मध्यमवर्ग तिच्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसला. पेठांचे बोळ तेवढेच राहिले, वेग मात्र वाढला. सायकलवाला कडेला ढकलला गेला.

2006 मध्ये कात्रज ते हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली. त्या मार्गालगत सायकल ट्रॅकही आखले गेले. कागदावर ते उत्तम होते. प्रत्यक्षात त्यांवर दुचाक्या उभ्या राहिल्या, हातगाड्या लागल्या, आणि सिग्नलला घाईतले स्कूटरवालेही तिथूनच घुसू लागले. अडवणार कोण? डबलसीट पकडणारी ती जुनी तत्परता इथे क्वचितच दिसली. 2017 मध्ये महापालिकेने पुन्हा सविस्तर सायकल आराखडा मंजूर केला.