ताणाची शारीरिक मोजणी : दिल्लीतील वाटचाल

मनावरचा ताण थेट मोजता येत नाही. मोजता येतात ते त्याचे शरीरावर उमटणारे परिणाम. भीती वाटली की स्वायत्त मज्जासंस्थेची अनुकंपी शाखा उद्दीपित होते, नाडी जलद चालू लागते आणि रक्तदाब चढतो. तळहाताला घाम येऊ लागताच त्वचेचा विद्युतरोध घटतो. भारतात या खुणांकडे संशोधकांचे लक्ष वळले ते मात्र उलट टोकाकडून, योग्यांच्या शांत अवस्थेच्या अभ्यासातून.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचे परिणाम क्ष-किरण व रक्तदाबमापकाच्या साहाय्याने तपासायला घेतले. १९३५ मध्ये फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ तेरेझ ब्रॉस ईसीजी यंत्र घेऊन भारतात आल्या. त्यांनी घेतलेल्या एका आलेखात हृदयाचे विद्युतसंकेत जवळजवळ नाहीसे झालेले दिसले आणि हृदय इच्छेने थांबवता येते, या समजाला बळ मिळाले.

त्याची छाननी दिल्लीत झाली. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत (एम्स) शरीरक्रियाशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. बाळकृष्ण आनंद होते. भूक नियंत्रित करणाऱ्या मेंदूतील केंद्रावरच्या संशोधनामुळे ते आधीच ख्यातनाम झाले होते. अमेरिकेतून आलेले वेंगर आणि बागची यांच्यासह त्यांनी हृदयावर ताबा असल्याचा दावा करणाऱ्या चार योग्यांची तपासणी केली. त्यांचा निष्कर्ष १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले की छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त घटते. मनगटावरची नाडी लागेनाशी होते, स्टेथोस्कोपला ठोके ऐकू येत नाहीत. पण ईसीजीवर हृदयाचे काम चालूच असते. तिघांच्या बाबतीत हेच घडत होते. चौथ्याला हृदयाची गती कमी करता येत होती, थांबवता येत नव्हती.

त्याच वर्षी आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांच्या मेंदूचे ईईजी आलेख प्रसिद्ध केले. एरवी प्रखर प्रकाश, मोठा आवाज किंवा गरम काचनळीचा स्पर्श झाला की मेंदूतील अल्फा लहरी खंडित होतात. समाधीत बसलेल्या योग्यांच्या त्या अखंड राहिल्या. दोन योग्यांनी ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ४५ ते ५५ मिनिटे हात बुडवून ठेवला, तरीही अल्फा लहरी टिकून होत्या. थंड पाण्यात हात बुडवून रक्तदाब किती चढतो हे पाहणे ही स्वायत्त मज्जासंस्थेची एक प्रचलित चाचणी आहे. तिच्या जोडीला दीर्घ श्वसन, मूठ आवळून धरणे आणि हृदयगतीतील सूक्ष्म चढउतार यांचीही तपासणी होते. एकाच आकड्यावर विसंबायचे नाही, हे या पद्धतीमागचे तत्त्व.

गुन्हे-तपासात मात्र त्याच खुणांना वेगळा अर्थ चिकटला. पॉलिग्राफ यंत्र श्वास, रक्तदाब, नाडी आणि त्वचेचा विद्युतरोध एकाच वेळी नोंदवते. निरपराध माणूसही पोलिसांच्या प्रश्नांनी घाबरतो आणि निर्ढावलेला गुन्हेगार शांत राहू शकतो. म्हणजे यंत्राला उत्तेजना दिसते, तिचे कारण दिसत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली : चाचणीला आरोपीची संमती हवी, ती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवलेली हवी आणि आरोपीला वकिलाची मदत मिळायला हवी.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात सक्तीची पॉलिग्राफ, नार्को आणि मेंदू-आलेख चाचणी घटनाबाह्य ठरवली. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, हा अनुच्छेद २० (३) मधील हक्क आणि व्यक्तिस्वातंत्र्य हे या निकालाचे आधार होते. स्वेच्छेने दिलेल्या चाचणीचा निष्कर्षही पुरावा म्हणून ग्राह्य नाही. त्यातून मिळालेल्या माहितीच्या आधारे पुढे एखादी वस्तू किंवा बाब उघड झाली, तर तिचाच पुरावा म्हणून विचार होऊ शकतो.