आभाळाचं दप्तर

मुंबई सरकारने १८२४ साली विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. पेशवाई बुडून सहा वर्षे झाली होती. मुलखात माणसे किती, गुरे किती, जोंधळा काय भावाने विकला जातो, हे सगळे नव्या राज्यकर्त्यांना कागदावर हवे होते. साइक्सने ते काम केलेच, पण त्याच्या नोंदवहीत हवेलाही जागा होती. जिथे मुक्काम पडेल तिथे तो पाऱ्याचा वायुभारमापक पाही, तापमान टिपून ठेवी.

पाऱ्याची लांबलचक काचनळी घेऊन घाटवाटा चढणे हे जोखमीचे काम. म्हणून डोंगरांची उंची काढायला साइक्सने एक सोपी युक्ती वापरली आणि १८३८ साली तिच्यावर निबंधही लिहिला. भांड्यात पाणी उकळायचे, त्यात साधा तापमापक धरायचा आणि पाणी किती अंशांवर उकळते ते बघायचे. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळते. समुद्रकाठी ते १०० अंश सेल्सिअसला उकळत असेल, तर पुण्यात साधारण ९८ला आणि महाबळेश्वरला ९५-९६ला उकळते. सातवीच्या भूगोलात ‘उंची वाढते तसा हवेचा दाब कमी होतो’ हे वाक्य आज एका ओळीत उरकते. सह्याद्रीत ते कुणीतरी चुलीवर आधण ठेवून पडताळले होते, हे पुस्तकात कुठे सापडत नाही.

साइक्सच्या १८३५च्या निबंधात आणखी एक गोष्ट आहे. दख्खनच्या पठारावर हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी नऊ-दहाला आणि रात्री नऊ-दहाला तो सर्वाधिक असतो, तर दुपारी आणि पहाटे तीन-चारच्या सुमारास सर्वांत कमी. युरोपात येत्याजात्या वादळांच्या गडबडीत हा चढउतार झाकून जातो. उष्ण कटिबंधात तो घड्याळासारखा दिसतो. पठारावर एका ठिकाणी बसून दिवसातून चार वेळा पारा पाहण्याचा कंटाळा ज्याला येत नाही, त्यालाच तो सापडणार. हवामानशास्त्राचा महाराष्ट्रातला इतिहास हा बराचसा अशा न कंटाळणाऱ्यांचा इतिहास आहे. हुशारांची नावे राहिली. रोज ठरल्या वेळी आकडा लिहिणारे कारकून मात्र दप्तरातच राहिले.

मुंबईत कुलाब्याच्या टोकाला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा उभारली, ती ताऱ्यांसाठी आणि बंदरातल्या जहाजांची घड्याळे लावून देण्यासाठी. हवामानाच्या आणि चुंबकत्वाच्या नोंदी तिथे १८४१ पासून नियमित सुरू झाल्या. त्या वेळी सूत्रे होती एल्फिन्स्टन संस्थेतले प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या हाती. त्यांच्या हाताखाली एक मराठी पोरगा कामाला होता, केरो लक्ष्मण छत्रे. अलिबागजवळच्या नागावचा हा मुलगा वेधशाळेत लागला तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा होता.

पुढे हाच पोरगा केरूनाना छत्रे म्हणून महाराष्ट्राला माहीत झाला. पुण्यात गणिताचे आणि सृष्टिशास्त्राचे प्राध्यापक, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’चे कर्ते, टिळकांचे लाडके गुरू. त्यांच्या चरित्रात ज्योतिषाला मोठी जागा मिळते, आणि ते ठीकच आहे. पण त्यांनी शाळांसाठी मराठीत पदार्थविज्ञानाचे पुस्तक लिहिले, ही गोष्ट इथे अधिक महत्त्वाची. वेधशाळेत उपकरणांसमोर उभा राहिलेला माणूस मराठी मुलांसाठी शास्त्राचे पुस्तक लिहितो, ही साखळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच जुळली होती. आजच्या पाठ्यपुस्तकांत ती तेवढी घट्ट दिसत नाही.

कुलाब्याच्या नोंदींना खरा धोका आला तो विजेच्या ट्रामचा. मुंबईत ट्राम विजेवर चालवायचे ठरले, आणि रुळांतून वाहणाऱ्या प्रवाहाने वेधशाळेतल्या नाजूक चुंबकसुया नाचू लागणार हे उघड होते. तेव्हाचे संचालक नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांनी चुंबकीय वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागला हलवली. इमारतीत लोखंडाचा खिळासुद्धा चालणार नव्हता. पोरबंदरी दगड वापरला गेला. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे साठ वर्षांची जुनी मालिका नव्या जागेशी जुळवून घेता यावी. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली तेव्हा सुया अलिबागेत स्वस्थ होत्या. हवामानाची उपकरणे कुलाब्यातच राहिली, कारण पर्जन्यमापकाला ट्रामचे काही सोयरसुतक नव्हते.

दरम्यान देशभराचे हवामान खाते १८७५ मध्ये निघाले होते. १८६४चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि त्यापाठोपाठचे दुष्काळ यांनी सरकारला जाग आणली. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरच्या बर्फाचा आणि पुढच्या पावसाळ्याचा संबंध जोडून १८८६ पासून पावसाचे दीर्घ पल्ल्याचे अंदाज रीतसर द्यायला सुरुवात केली. त्यांच्यामागून आलेल्या जॉन इलियट यांनी १८९९ मध्ये भरघोस पाऊस सांगितला, आणि त्याच साली छप्पन्नचा (विक्रम संवत १९५६चा) दुष्काळ पडला. ‘वेधशाळेने पाऊस सांगितलाय, छत्री घरीच ठेवा’ या विनोदाला किमान सव्वाशे वर्षांची परंपरा आहे, ती अशी. पुढे गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती आले. त्यांनी शिमल्यात कारकुनांची फौज बसवून जगभरच्या आकड्यांचे परस्परसंबंध काढून घेतले. त्यातून पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरच्या दाबाचा झोका हाती आला. आज ‘एल निनो’ हा शब्द गावच्या पारावरही ऐकू येतो, त्याची मुळे त्या बेरजा-वजाबाक्यांत आहेत.

१९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला, तेव्हाच्या भांबुर्ड्यात म्हणजे आजच्या शिवाजीनगरात आले. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेले, तरी इमारतीला चिकटलेले नाव काही सुटले नाही. शिवाजीनगरच्या चौकाला अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. बसचा कंडक्टर ते पुकारतो आणि उतरणाऱ्यांतल्या बहुतेकांना तिथे शिमल्याचे काय, हा प्रश्न पडत नाही.

पुण्याने हवामानशास्त्राला काय दिले, याची यादी लांब आहे. त्यातली सर्वांत गमतीची गोष्ट कृषी हवामान विभागाचे एल. ए. रामदास यांची. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता फेकून थंड होते, तेव्हा सर्वांत गार हवा जमिनीला टेकलेली असणार, असे सगळी पुस्तके सांगत. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी जमिनीलगत वेगवेगळ्या उंचीवर तापमान मोजले, तर सर्वांत गार थर जमिनीवर नव्हता; तो वीतभर-हातभर वर होता. हा निबंध १९३२चा. बाहेरच्या तज्ज्ञांनी बराच काळ याकडे मोजमापाची चूक म्हणूनच पाहिले. नंतर इतरांनाही तोच थर सापडला. आज शास्त्राच्या वाङ्मयात त्याला रामदासांचेच नाव आहे, आणि त्याचे सविस्तर स्पष्टीकरण लिहायला शास्त्रज्ञांना १९९०च्या दशकापर्यंत थांबावे लागले. शाळेच्या पुस्तकात हा धडा यायला हवा होता. पुस्तकातले वाक्य पुण्याच्या रानात खोटे ठरले, हे ऐकून सातवीतली पोरे कान टवकारतील.

याच शिमला ऑफिसात १९४८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी रुजू झाल्या. तोवर साधीसाधी उपकरणेही विलायतेहून येत. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभरएक उपकरणांची आरेखने प्रमाणित करून ती इथेच बनवण्याची सोय केली. चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, या बाबतीत त्या कडक होत्या.

मोजणे म्हणजे नेमके काय, ते कुठल्याही वेधशाळेच्या अंगणात दिसते. पांढऱ्या रंगाची, झडपांची लाकडी पेटी चार पायांवर उभी. ती स्टीव्हन्सनची पेटी. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या लेखकाच्या वडिलांची, दीपगृहे बांधणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सन यांची कल्पना. आपल्याकडे तिचे दार उत्तरेला असते, उघडल्यावर ऊन आत येऊ नये म्हणून. आत एका तापमापकाच्या फुग्याला ओल्या मलमलीचे फडके गुंडाळलेले. कोरड्या आणि ओल्या आकड्यांतल्या फरकावरून आर्द्रता काढायची. शेजारी पर्जन्यमापक. सकाळी साडेआठला निरीक्षक नरसाळे काढतो, बाटलीतले पाणी मापाच्या काचनळीत ओततो, नळी डोळ्यांसमोर आणतो आणि पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा खालचा काठ वाचतो. अडीच मिलिमीटर भरले तर तो ‘पावसाचा दिवस’. त्याहून कमी असेल तर आकडा लिहायचा, पण दिवस धरायचा नाही.

असा पर्जन्यमापक तालुक्याच्या कचेरीतही असे. मामलेदाराच्या अंगणातून पावसाचा आकडा जिल्ह्याला जाई आणि पिकाच्या अहवालात बसे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर आणि पायथ्याच्या वाईला हजारही नाही, ही पर्जन्यछायेची शाळकरी गोष्ट या कचेऱ्यांच्या वह्यांतून आली. मोसमी पावसाच्या तारखाही याच वह्यांतून निघतात. नव्या आकड्यांवरून २०२० मध्ये मुंबईत मान्सून पोचण्याची सर्वसाधारण तारीख १० ऐवजी ११ जून केली गेली, आणि परतण्याची तर २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. मृगाची तारीख मात्र पंचांगात होती तिथेच आहे.

एका जागचा आकडा साऱ्या गावाचा मानायची सवय मुंबईला २६ जुलै २००५ रोजी महागात पडली. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्यात पाऊणशेही नाही. दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांत बसलेल्यांना कुर्ला, कलिना बुडाले आहेत याचा अंदाजच येईना. लोक नेहमीसारखे गाडी पकडायला निघाले. त्यानंतर महापालिकेने अग्निशमन केंद्रांच्या इमारतींवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवायला घेतले. ते दर काही मिनिटांनी आकडा आपोआप पाठवतात, त्यामुळे परळला किती पडला आणि अंधेरीला किती, हे आता वेगवेगळे कळते.