वीस जानेवारीचे बिघडलेले रिव्हॉल्व्हर

नववीच्या वर्गात गांधीहत्येचा विषय निघाला होता. एका मुलाने विचारले, “सर, खिशात मावते एवढी बंदूक असते?” वर्ग हसला. मला मात्र प्रश्न अगदी योग्य वाटला. या हत्येवर बोलताना आपण फाळणीवर बोलतो, पंचावन्न कोटींवर बोलतो, विचारसरणीवर तर रात्रभर बोलतो. हत्याराकडे कुणी पाहत नाही. पाहिले तर वेगळीच हकीकत दिसते, आणि तिचा बराच भाग आपल्या पुण्याचा आहे.

आधी त्या मुलाचे उत्तर. पिस्तुलाची मूठ, घोडा आणि काडतुसांची मॅगझिन ज्या सांगाड्यात बसते त्याला फ्रेम म्हणतात. आपल्या लष्करात आणि पोलिसांत दिसणारे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल, म्हणजे ब्राउनिंगच्या धर्तीवर इशापूरच्या कारखान्यात बनणारे, मोठ्या फ्रेमचे. लांबी जवळजवळ 20 सेंटिमीटर, मॅगझिनमध्ये 13 काडतुसे. वजन जास्त असल्याने उडवताना बसणारा धक्का ते बरेचसे स्वतःच पचवते, पूर्ण पंजा मुठीवर बसतो. पण ते कमरेच्या पट्ट्यालाच शोभते, लपत नाही. छोट्या फ्रेमचे पिस्तूल याच्या उलट. काडतुसे कमी, धक्का हाताला जास्त जाणवतो, करंगळीला जागा शोधावी लागते. त्याचा एकच मोठा गुण म्हणजे ते दिसत नाही.

30 जानेवारी 1948 ला वापरलेले पिस्तूल दुसऱ्या प्रकारचे. इटलीचे बेरेटा, 1934 चे मॉडेल, क्रमांक 606824. लांबी साधारण 15 सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या छोट्या पट्टीएवढी. मॅगझिनमध्ये सात काडतुसे. इटालियन सैन्याचे हे पिस्तूल दुसऱ्या महायुद्धात लुटीचा माल म्हणून अनेक सैनिकांच्या सामानातून जगभर पसरले. मी टेबलावरची पट्टी उचलून दाखवली, तेव्हा वर्ग गप्प झाला.

पण हे बेरेटा या कटात अगदी शेवटी आले. त्याआधी दहा दिवस, 20 जानेवारीला, याच मंडळींनी दिल्लीत एक प्रयत्न करून पाहिला होता. त्या वेळी त्यांच्याजवळ दोन रिव्हॉल्व्हर होती. एक गोपाळ गोडसेचे. तो खडकीच्या लष्करी डेपोत, मोटारींच्या सुट्या भागांच्या विभागात नोकरीला. दुसरे दिगंबर बडगेने मिळवलेले. बडगे पुण्यात ‘शस्त्र भांडार’ चालवायचा आणि पुढे माफीचा साक्षीदार झाला. त्या सकाळी हिंदू महासभा भवनामागच्या झाडीत त्यांनी हत्यारे तपासली, ती हकीकत त्याच्याच साक्षीतून कळते. गोपाळच्या रिव्हॉल्व्हरचे चक्र नीट बसेना. दुसऱ्यातून झाडावर गोळी झाडली, ती झाडापर्यंत पोचलीच नाही. मग बडगेचा नोकर शंकर तेलाची बाटली आणि छोटा चाकू आणायला पळाला. तेवढ्यात वनरक्षक आले आणि सगळे आवरते घ्यावे लागले. पुढे हॉटेलच्या खोलीतही दुरुस्ती चालूच होती.

पोलिसांच्या शस्त्रागारात हत्याराची निगा हे रोजचे, कंटाळवाणे काम असते. आधी काडतुसे काढून नळी आणि चेंबर रिकामे असल्याची खात्री करायची. मग सळईला चिंधी लावून नळीतली काजळी काढायची, हलणाऱ्या भागांना तेलाचा पातळ हात द्यायचा आणि जास्तीचे पुसून टाकायचे. तेल काडतुसात शिरले तर तेही बाद होते. पुण्याच्या पावसाळ्यात तर गंज लगेच धरतो. वर्षभराची हेळसांड ऐन वेळच्या बाटलीभर तेलाने भरून निघत नाही.

त्या संध्याकाळी मदनलाल पाहवाने बिर्ला भवनात स्फोट घडवला आणि तो पकडला गेला. बाकीचे पळाले. त्यानंतर पोलिसांनी प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घ्यायचे म्हटले, तेव्हा गांधीजींनी नकार दिला. इकडे नथुराम आणि आपटे ग्वाल्हेरला गेले आणि तिथून बेरेटा घेऊन आले. झडती नाही आणि हत्यार पट्टीएवढे. तीन गोळ्या झाडल्या गेल्या.

अम्मी सांगायची, त्या संध्याकाळी मोहल्ल्यात घरोघरी कड्या लागल्या होत्या. मारणारा ‘आपल्यातला’ निघाला तर, ही एकच धास्ती. मारेकरी हिंदू असल्याचे रेडिओवर सांगितले गेले तेव्हा कुठे लोकांनी श्वास सोडला. नंतरच्या दिवसांत याच महाराष्ट्रात ज्यांचा काही संबंध नव्हता अशा ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली गेली. आमच्या घरात हे दोन्ही प्रसंग नेहमी एकाच दमात सांगितले जायचे.

मला सलतात ते मधले दहा दिवस. मदनलालच्या जबाबात एका मराठी वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख होता आणि ते पत्र पुण्यातून निघत होते. मुंबईत प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी 21 जानेवारीलाच बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई यांना मदनलालबद्दलची माहिती दिली होती. तरीही पुण्यातला संपादक मोकळाच राहिला. 1964 च्या नोव्हेंबरात, सुटून आलेल्या गोपाळ गोडसेच्या सत्कारासाठी पुण्यात सभा भरली. तिथे ग. वि. केतकरांनी सांगून टाकले की हा बेत आपल्याला आधीच ठाऊक होता. गदारोळ उठला. त्यातून पुढे कपूर आयोग आला आणि त्याचा अहवाल 1969 मध्ये पूर्ण झाला.

तास संपता संपता मी फळ्यावर दोन तारखा लिहिल्या, 20 आणि 30, मध्ये जागा मोकळी ठेवून. मधल्या दिवसांत कुणाला काय माहीत होते ते शोधून लिहून आणा, म्हणालो. पट्टीवाला मुलगा घंटा वाजल्यावरही फळ्यासमोर उभा होता.