टेकमधील चित्राच्या रूपांतरित प्रतीची कुळकथा

डोनल्ड नुथ यांनी १९७८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात सिद्ध केलेल्या ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीला चित्र मुळात ठाऊकच नव्हते; तिच्या लेखी पान म्हणजे उंची, खोली आणि रुंदी ठरलेल्या चौकटींची मांडणी होती. चित्रासाठी तिच्यात ‘स्पेशल’ ही आज्ञा तेवढी होती, जिच्यातील मजकुराचा अर्थ न लावता टेक तो छपाईची फाइल घडवणाऱ्या पुढच्या प्रोग्रामकडे सोपवी. ही अलिप्तता दूरदर्शीपणाचीच होती, कारण चित्रांचे प्रकार बदलत गेले तरी टेकचा गाभा बदलावा लागला नाही.

पोस्टस्क्रिप्ट या पृष्ठवर्णनाच्या भाषेतील ईपीएस प्रकारच्या चित्रफाइलीत चित्राच्या कडा सांगणारे चार आकडे लिहिलेले असत. ते वाचून जागा राखली जाई आणि टॉमस रोकिकी यांचा ‘डीव्हीआयपीएस’ हा प्रोग्राम तेथे चित्र बसवी. मात्र ब्र्नो येथील मासारिक विद्यापीठात हान थे थान यांनी विकसित केलेली ‘पीडीएफ-टेक’ सरळ पीडीएफ फाइल घडवू लागली आणि पोस्टस्क्रिप्टचा अर्थ लावण्याची सोय तिच्यात नसल्याने जुनी ईपीएस चित्रे आधी बाहेरच्या प्रोग्रामकडून पीडीएफमध्ये रूपांतरित करून घेणे भाग पडले. परक्या दस्तऐवजाने संगणकावर वाटेल ती आज्ञा चालवू नये म्हणून असे प्रोग्राम चालवण्याची मुभा सहसा बंद असे. ‘टेक लाइव्ह’ या टेकच्या वितरणसंचाच्या २०१० च्या आवृत्तीत मोजक्या विश्वासू प्रोग्रामांना ती मिळाली, तेव्हा हे रूपांतर आपोआप होऊ लागले.

पृष्ठक्रमांक आणि संदर्भ जुळेपर्यंत टेक एकाच ग्रंथावरून अनेकदा फिरते, त्यामुळे प्रत्येक फेरीत रूपांतर करणे व्यर्थ. म्हणून रूपांतरित प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवण्याचा प्रघात पडला. मूळ फाइल प्रतीहून नवी असेल तरच प्रत पुन्हा करावी, हा नियम स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलेल्या ‘मेक’ या प्रोग्रामात आधीच रुजलेला होता. पण जुन्या तारखेची दुसरी फाइल मूळ फाइलीच्या जागी आली, तर हा नियम फसतो आणि पानावर कालबाह्य चित्र राहते. पीडीएफ-टेकच्या १.३० या आवृत्तीने फाइलीची तारीख वाचण्याबरोबरच मजकुरावरून गणिताने काढलेली ‘एमडी५’ ही ओळखखूण मिळण्याचीही सोय केली. ‘टिकझेड’ या चित्ररचनेच्या संचात जपलेली आकृती पुन्हा काढायची की नाही हे अशा खुणेवरून ठरवता येते. तथापि ही खूण आकृतीच्या संहितेपुरतीच असल्याने, संहितेने बाहेरून वाचलेली आकडेवारी बदलली तर तो बदल तिला कळत नाही आणि ती आकृती ग्रंथकर्त्याला स्वतःच पुन्हा काढवून घ्यावी लागते.